दवाखान्यातून ओसरीवर : जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची वाटचाल

जालन्याहून अंबड, शहागड, गेवराई करत बीड गाठायचे आणि तिथून पाटोद्याच्या रस्त्याला लागायचे. बालाघाटाचे उघडे माळ मागे पडतात, मराठवाड्याची हद्द संपते आणि जामखेड येते. जिल्हा बदलतो, पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. पण मुलूख तोच राहतो. पावसाची तीच हुलकावणी, ज्वारी-बाजरीची तीच रानं, दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोडीसाठी पाचट-कोयत्याच्या वाटेला लागणारी तीच बिऱ्हाडं. १९७० च्या सुमारास या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले पहिला वाढदिवस पाहत नव्हती. पाच वर्षांखालच्या शंभरातील चाळीस मुले कुपोषित होती आणि लस टोचलेले मूल शोधून सापडत नव्हते.

या आकड्यांशी पन्नास वर्षे झुंजणाऱ्या संस्थेचा हा इतिहास आहे. तिची कल्पना एका ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याची, पहिले आर्थिक पाठबळ जगभरच्या चर्चच्या एकत्रित मंडळाचे आणि काम उभे केले ते गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर, बायकांनी.

पूर्वपीठिका : मिशनचे दवाखाने

मराठी मुलखात ख्रिस्ती समाज आणि आजारी माणसाची सेवा यांचे नाते जुने आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसवली. पुढे स्कॉटिश मिशनचा दवाखाना हा जालना परिसरातील गोरगरिबांचा आधार झाला. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले आणि कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रोगी तिकडे येऊ लागले.

या सगळ्या ठिकाणी पद्धत साधारण एकच होती. दवाखाना एका जागी असे आणि रोगी त्याच्याकडे येत. बैलगाडीत घालून, झोळीत बांधून, कधी खांद्यावर. ज्याला यायला जमले तो वाचण्याची शक्यता होती. जे मूल घरातच मान टाकायचे, ते कुठल्याच केसपेपरवर येत नव्हते.

१९६०–१९७० : वडाळ्याचा धडा

या डॉक्टर दांपत्यापैकी डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ चा, नगर जिल्ह्यातील सुप्याचा. आई-वडील दोघेही शिक्षक. डॉ. मेबल इमॅन्युएल यांचा जन्म १९३५ मध्ये जबलपूरला झाला. त्यांचे वडील तिथल्या धर्मशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघांची गाठ पडली. १९६० मध्ये त्यांचा विवाह झाला आणि त्याच दिवशी दोघांनी आयुष्य खेड्यातल्या उपेक्षितांसाठी वाहण्याचा संकल्प केला.

१९६२ ते १९६६ ही चार वर्षे त्यांनी नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काढली. काम वाढले, रुग्णालयाचे नाव झाले. पण दोघांच्या एक गोष्ट लक्षात येऊ लागली. जुलाबाने सुकलेले मूल सलाइन लावून, टवटवीत करून घरी पाठवावे, तर काही आठवड्यांत ते पुन्हा त्याच खाटेवर. विहिरीचे पाणी तेच, घरातली उपासमार तीच आणि आजारी मुलाचे खाणे-पिणे तोडण्याची रीतही तीच. दवाखान्यात येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे आजार घरीच टळू शकले असते, हा हिशेब त्यांनी इथे मांडला.

याच सुमारास हाच प्रश्न जगभरच्या चर्चच्या मंडळींनाही पडला होता. १९६४ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे भरलेल्या बैठकीत मिशनच्या वैद्यकीय कामाची उलटतपासणी झाली. जवळजवळ सारा पैसा रुग्णालयांच्या इमारतींवर आणि खाटांवर जातो, भोवतालची वस्ती मात्र आहे तशीच राहते, हे तिथे उघडपणे बोलले गेले. त्यातून १९६८ मध्ये जागतिक चर्च परिषदेने जिनिव्हा येथे ख्रिश्चन मेडिकल कमिशन स्थापन केले. त्या वेळी आरोळे दांपत्य अमेरिकेत होते. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्या हाताखाली त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. डॉ. टेलर यांचाही जन्म भारतातला, मसुरीचा, मिशनरी घरातला. खेड्यातील आरोग्याची योजना तिथेच कागदावर उतरली आणि कमिशनने तिला पाठबळ दिले. जागा कोणती, एवढाच प्रश्न उरला होता.

१९७०–१९८० : जनावरांचा दवाखाना आणि बहात्तरचा दुष्काळ

जागा जामखेडकरांनीच दिली. गावातील पुढारी मंडळींनी बोलावणे केले, मोडकळीस आलेला जनावरांचा जुना दवाखाना मोकळा करून दिला आणि १९७० मध्ये तिथे माणसांवर उपचार सुरू झाले. रोग्यांची रीघ लागली. पण वडाळ्याचा अनुभव गाठीशी असल्याने डॉक्टरांचा निम्मा जीव आसपासच्या खेड्यांत असे.

खेड्यात शिरायचे कसे? आरोग्याचे व्याख्यान ऐकायला कोणी बसत नाही. तेव्हा व्हॉलीबॉल नेला. संध्याकाळी जाळी बांधली की तरुण मंडळी जमत, खेळताना जात विसरली जाई आणि खेळ संपल्यावर पारावर पाण्याच्या, पिकांच्या गप्पा निघत. त्यातून गावोगावी शेतकरी मंडळे उभी राहिली. पहिल्या टप्प्यात सुमारे ३० गावे आणि चाळीस हजार लोकवस्ती प्रकल्पाच्या कक्षेत आली.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. ज्यांनी तो पाहिला त्यांना मिलो ज्वारीच्या भाकरी आणि रोजगार हमीच्या कामावरची सुकडी अजून आठवते. लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हतीच. पाणी आणि भाकरी हवी होती. प्रकल्पाने आपला क्रम बदलला. चर्चच्या मदतसंस्थांकडून आलेल्या साहाय्यातून गावोगावी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली. पाच वर्षांखालच्या मुलांना रोज एक पोटभर जेवण मिळू लागले. लाकूडफाटा गावाचा, स्वयंपाक बायकांचा; काही शेतकऱ्यांनी धान्य पिकवण्यासाठी जमिनी दिल्या. सगळ्या जातींची पोरे एका रांगेत जेवायला बसू लागली. थोडी कुरकुर झाली, पण भुकेपुढे ती फार टिकली नाही.

विंधनविहिरींची गोष्ट तर या भागात अजून सांगितली जाते. कूपनलिका कुठे घ्यायची हे ठरवताना डॉक्टरांनी दलित वस्तीजवळच्या जागांना पसंती दिली. पाणी लागले आणि सवर्णांच्या बायका कळशा घेऊन त्या वस्तीत येऊ लागल्या. शुद्ध पाण्याने जुलाब कमी झाले, हे झालेच. शिवाय ज्या हातपंपावर एरवी दलितांना मज्जाव झाला असता, तो त्यांच्याच दारात आला.

या दशकातला सर्वांत मोठा बदल मात्र एका फसलेल्या बेतातून घडला. आधी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यात ठेवून पाहिले. शहरात वाढलेल्या मुलींना एकटे राहणे अवघड गेले आणि गावानेही त्यांना आपले मानले नाही. मग गावातलीच, लेकुरवाळी, लोकांच्या विश्वासातली बाई निवडून तिलाच शिकवावे, असे ठरले. या आरोग्यसेविकेची निवड गावाने करायची, शिक्षण प्रकल्पाने द्यायचे. निवडलेल्यांपैकी कित्येकींनी शाळेची पायरी चढली नव्हती. काही दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या.

दर आठवड्याला या बायका जामखेडला येत, मुक्कामाला राहत. सुरुवातीला पंगतीत आपापली जागा धरून बसणाऱ्या या बायकांनी मिळून एक भलीमोठी गोधडी शिवली आणि रात्री सगळ्याजणी त्या एकाच गोधडीखाली झोपू लागल्या. शिक्षणाची रीतही त्यांच्या अंगवळणी पडेल अशीच होती : चित्रांचे तक्ते, गाणी, नाटुकली आणि गेल्या आठवड्यात गावात काय घडले याची प्रत्येकीने सांगितलेली हकिकत. पुस्तकातला धडा त्या हकिकतीतून निघे.

बाळाची टाळू खोल गेली म्हणजे अंगातले पाणी आटले. त्याला पाणी तोडायचे नाही, उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घालून चमच्या-चमच्याने पाजत राहायचे. जन्मल्याबरोबर येणारा आईचा चीक फेकायचा नाही, तो पाजायचा. आजारी मुलाच्या पोटावर डाग द्यायचे नाहीत. नाळ धुतलेल्या हातांनी, नव्या पात्याने कापायची. शेवग्याचा पाला, पपई, शेंगदाणे, डाळ ही पोराच्या वाढीची औषधे परसातच असतात. आणि दर महिन्याला मूल झोळीत घालून काट्यावर चढवायचे. वजन वाढले तर ठीक. थांबले तर त्या घरी रोज फेरी. अशी ही शिकवण. १९७१ च्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारोंचे प्राण वाचवले होते. तीच विद्या जामखेडच्या बायका ओसरीवर बसून आयांना शिकवत होत्या.

बाहेरच्या जगाचे लक्ष लवकरच इकडे वळले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘हेल्थ बाय द पीपल’ हा ग्रंथ काढला, त्यात जामखेडवर एक प्रकरण होते. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला भारत सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोहोचला. १९७८ मध्ये आल्मा-आटा येथील परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे उद्दिष्ट जाहीर झाले. त्या घोषणेमागे ज्या थोड्या प्रयोगांचा अनुभव होता, त्यांत जामखेडचे नाव घेतले जाते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९८०–१९९० : गावाचा कारभार गावाकडे

पुरस्काराने लोक येऊ लागले, पाहुणे वाढले. पण या दशकातले खरे काम गाजावाजा न होता झाले. स्वयंपाकघरे एकेक करून बंद झाली, कारण त्यांची गरज संपत आली होती. घराघरांत परसबागा झाल्या, महिला मंडळांनी बचतीला सुरुवात केली. छोट्या कर्जातून कोणी शेळ्या घेतल्या, कोणी भाजीचा, बांगड्यांचा धंदा सुरू केला. आईच्या हातात चार पैसे खेळू लागले की मुलाच्या ताटात काय पडते हे बदलते, हे आरोग्यसेविकांनी आपल्या वजनाच्या तक्त्यांवरच पाहिले. त्यांचे स्वतःचे मानधन नाममात्र होते; पोटासाठी त्याही असाच एखादा धंदा करीत.

१९८२ पासून युनिसेफने जगभर चार गोष्टींचा पुरस्कार सुरू केला : वाढीवर लक्ष, मीठ-साखरेचे पाणी, स्तनपान आणि लसीकरण. जामखेडच्या बायकांना त्यात नवे काही वाटले नसावे. १९८५ मध्ये देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला. लस टोचायला सरकारी कर्मचारी गावात येई तेव्हा कोणत्या घरात किती महिन्यांचे मूल आहे हे सेविकेला तोंडपाठ असे, आणि ती दारोदार जाऊन मुले गोळा करी.

क्षयरोग आणि कुष्ठरोग यांचे रुग्ण याच बायकांनी हुडकून काढले आणि घरातच ठेवून उपचार पुरे करून घेतले. प्रकल्पाच्या आवारात कृत्रिम अवयवांची कार्यशाळा उभी राहिली. गावातलेच, फारसे न शिकलेले कारागीर तिथे जयपूर फूट बनवू लागले. पाय गमावलेली माणसे आणि मुले त्यावर शेतात, शाळेत चालत गेली. ओसाड जमिनीवर झाडे लावणे आणि पाणलोटाची कामे शेतकरी मंडळांनी अंगावर घेतली. पुढे भंडारदरा भागातील आदिवासी गावांतही आरोग्याची ही पद्धत नेण्यात आली.

१९८८ मध्ये मुक्ताबाई पोळ ही जामखेडची आरोग्यसेविका अमेरिकेत वॉशिंग्टन येथे जागतिक आरोग्याच्या परिषदेत बोलली. श्रोत्यांत मोठमोठ्या संस्थांचे प्रमुख होते. ती मराठीत बोलली, भाषांतर दुसऱ्यांनी केले.

१९९०–२००० : शिकवणारी संस्था

१९९० मध्ये पद्मभूषण किताब जामखेडला आला. याच दशकात आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्था सुरू झाली. आफ्रिका, आशिया, अमेरिकेतून डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी येऊन आठवडेच्या आठवडे राहू लागले. त्यांच्या अभ्यासक्रमात ठरावीक तास आरोग्यसेविकांचे असतात. पदव्युत्तर विद्यार्थी वही उघडून बसतात आणि नऊवारीतली बाई शिकवते.

१९९४ मध्ये दोघा आरोळ्यांनी मिळून लिहिलेले प्रकल्पावरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात आपल्या यशाइतक्याच मोकळेपणाने आपल्या चुका त्यांनी सांगितल्या आहेत. दशकाच्या मध्यापर्यंत प्रकल्पाच्या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ वरून तीसच्या आत आले होते आणि लसीकरण जवळपास सर्व मुलांपर्यंत पोहोचले होते.

इतक्या वर्षांच्या वाटचालीत मतभेदाचे प्रसंग आले नाहीत असे नाही. डॉक्टर मंडळी लोकांचा धर्म बदलायला आली आहेत का, अशी शंकाही प्रारंभी घेतली गेली. पण उपचाराला धर्माची अट नव्हती आणि सेविका निवडण्याचा अधिकार गावाकडेच होता. काळाबरोबर शंका विरल्या आणि सर्वांच्या समजूतदारपणामुळे काम थांबले नाही.

२७ सप्टेंबर १९९९ रोजी डॉ. मेबल आरोळे यांचे निधन झाले. बायकांच्या प्रशिक्षणाची घडी प्रामुख्याने त्यांनीच बसवली होती.

२०००–२०१० : आशा आणि आकडे

किशोरवयीन मुलींच्या मंडळांना या काळात जोर आला. पोरीचे लग्न लवकर लावले की बाळंतपण कोवळ्या वयात येते आणि बाळ कमी वजनाचे जन्मते. म्हणून मूल जन्मण्याच्या कितीतरी आधी, त्याची होणारी आई शाळेत असतानाच कामाला सुरुवात झाली. रक्तपांढरी, आहार, पाळी, शिक्षण हे विषय मुली आपसात बोलू लागल्या. आवारातल्या बालवाडीत आसपासच्या गरीब वस्त्यांतील मुलांना शिक्षणाबरोबर सकस आहारही मिळू लागला.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगावी ‘आशा’ नेमल्या गेल्या. गावातलीच बाई, गावासाठी, हे त्यामागचे सूत्र पस्तीस वर्षांपूर्वी जामखेडच्या गोधडीखाली रुजलेले होते. डिसेंबर २००८ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाने इथल्या सेविकांवर सविस्तर लेख छापला.

कौतुकापेक्षा कसोटी महत्त्वाची. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये एक तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रकल्पाची गावे आणि त्याच भागातील इतर गावे यांची संशोधकांनी तुलना केली. पहिला महिना ओलांडलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. सरकारी सोयी दोन्हीकडे सारख्याच वाढत होत्या, हे लक्षात घेता हा फरक लहान नाही.

२०१०–२०२० : दुसरी पिढी

२५ मे २०११ रोजी डॉ. रजनीकांत आरोळे यांचे निधन झाले. धुरा डॉ. शोभा आरोळे आणि रवी आरोळे या त्यांच्या मुलांनी सांभाळली. पहिल्या फळीतल्या अनेक सेविका आता आज्या झाल्या होत्या. काहींच्या सुनांनी, लेकींनी त्यांची जागा घेतली.

आजारांचेही रूप पालटले. जुलाबाने दगावणारे मूल आता क्वचित दिसते. त्याऐवजी रक्तदाब, मधुमेह, आत्महत्येचा विचार मनात घोळवणारा शेतकरी आणि मोबाइलमध्ये डोके घालून बसलेली पोरे. ऊसतोडीचे स्थलांतर मात्र थांबलेले नाही. सहा-सहा महिने कारखान्याच्या फडात राहणाऱ्या मुलाचे लसीचे आणि वजनाचे कार्ड कोणी सांभाळायचे, हा या भागातला जुनाच प्रश्न नव्या सेविकांच्या वाट्याला आला आहे.

आजचे काम

रुग्णालय चालू आहे. शस्त्रक्रिया, बाळंतपणे, अपघात सगळे तिथे येते आणि ज्यांना परवडते त्यांच्या फीमधून ज्यांना परवडत नाही त्यांचे भागते. फिरते पथक गावांत जाते. कृत्रिम अवयवांची कार्यशाळा, बालवाडी, किशोरींची मंडळे आणि परदेशी विद्यार्थ्यांचे वर्ग यांची गजबज दिवसभर चालते. या पन्नास वर्षांत या पद्धतीचा लाभ घेतलेल्या गावांची संख्या शेकड्यांत गेली आहे.

आणि ठरलेल्या दिवशी बायका अजूनही जामखेडला येतात. चहा होतो, हकिकती सुरू होतात. कोणाच्या गावात तीन दिवसांचे बाळ दूध ओढत नाही, कोणाकडे आठवीतल्या पोरीची सोयरीक ठरते आहे, कोणाच्या वस्तीवरचा हातपंप बंद आहे. ज्येष्ठ सेविका ऐकतात, मध्येच एखादीला थांबवून विचारतात : बाळाचं वजन घेतलं का?